होळीच्या आधी ड्रायव्हर नको! थंडीनंतर गोल्फसाठी अंग कसं तयार करायचं

मागच्या रविवारी गोल्फच्या सरावाच्या रेंजवर एक गृहस्थ बघितले. थंडीभर आले नव्हते, आल्याआल्या बास्केट भरून बॉल घेतले, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) काढला आणि पहिल्याच बॉलला सगळी ताकद लावली. विसाव्या-पंचविसाव्या बॉलला त्यांनी क्लब टेकवून कंबरेवर हात ठेवला, थोडं मागे वाकले आणि पुन्हा मारायला लागले. मला ते बघवलं नाही हो, कारण तीन वर्षांआधी त्याच जागी मी तशीच उभी होते. डिसेंबर-जानेवारीत एकही राउंड झाला नव्हता, घरात लग्न होतं, मग हुरडा पार्ट्या, मग थंडी, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी सलग साठ-सत्तर बॉल ड्रायव्हरने मारले, तेव्हा काहीच दुखलं नाही उलट मस्त वाटलं, आणि संध्याकाळी गाडीच्या डिकीतून बॅग उचलताना कंबरेत अशी उसण भरली की तिथेच डिकीला धरून उभी राहिले. पंधरा दिवस मोजे घालायला मुलीला हाक मारावी लागायची. कंबर नीट होईपर्यंत एप्रिल उजाडला, आणि नागपूरचा एप्रिल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सगळा सीझन गेला. म्हणून हे लिहून राहिले.

आधी एक गोष्ट समजून घ्या, आपल्याकडचा हिशोब वेगळा आहे. व्हिडिओंमध्ये जे सांगतात ते बर्फाच्या देशांसाठी असतं, तिकडे हिवाळ्यात कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, बंद, वसंतात उघडतो आणि मग पाच-सहा महिने आरामात खेळा. नागपुरात कोर्स थंडीत बंद नसतो, खरं तर हवा तेव्हाच सगळ्यात छान असते, पण सकाळचं खेळणं जमत नाही कारण जानेवारीत सूर्यच पावणेसातच्या पुढे उगवतो, गवतावर दव इतकं की बॉल घरंगळत नाही, ग्रिप ओली, बोटं गारठलेली, पारा ८-१० वर (२९ डिसेंबर २०१८ ला तर ३.५ अंशांपर्यंत उतरला होता) आणि नऊ-दहाला ऑफिस गाठायचं असतं. मग सुट्टी पडते ती पडतेच. आणि थंडी गेली की मार्चमध्ये दुपारचं तापमान ३६-३७, महिनाअखेरीस चाळिशीला टेकलेलं. म्हणजे थंडी आणि ऊन यांच्यामध्ये जी एक फट आहे तीच आपली. त्या फटीत पहिले तीन आठवडे दुखण्यात गेले तर उरलं काय?

म्हणून मी तारखा सणांवर ठेवते. संक्रांतीला सुरुवात करायची, महाशिवरात्रीला जेव्हा थंडी शिव शिव म्हणत जाते तोवर मधल्या आयर्नपर्यंत (सात नंबरच्या क्लबपर्यंत) पोचायचं, आणि होळी पेटल्यावरच ड्रायव्हर. साधारण सात-आठ आठवडे मिळतात. उशीर झाला असेल, फेब्रुवारी अर्धा गेला असेल तरी हरकत नाही, क्रम तोच ठेवा, फक्त ड्रायव्हर गुढीपाडव्याला काढा. क्रम मोडू नका एवढंच माझं म्हणणं आहे. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो म्हणतात नं, क्लबही तसाच तिळातिळाने मोठा करायचा, आधी काहीच नाही, मग पटर (बॉल जमिनीवरून भोकात ढकलायचा), मग वेज (बॉल उंच पण जवळ टाकायचा), मग नऊ नंबर, सात नंबर, हायब्रिड आणि सगळ्यात शेवटी तो लांब दांडा.

लोकांना वाटतं गोल्फमध्ये काय व्यायाम, ४६ ग्रॅमही नसलेला बॉल तर मारायचा. पण वरून खाली येणारा स्विंग पाव सेकंदात होतो, आपल्यासारख्या साध्या खेळणाऱ्या माणसाचं ड्रायव्हरचं डोकंही ताशी १४०-१५० किलोमीटरने येतं, आणि त्या क्षणी कंबरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. तेही नेहमी एकाच बाजूला वळून. हौशी गोल्फवाल्यांचं सगळ्यात जास्त दुखणारं अंग कंबरच आहे, त्याच्या मागे मनगट आणि कोपर. टायगर वूड्ससारख्या माणसाच्या पाठीवर २०१७ पर्यंतच चार ऑपरेशन झाली, चौथ्यांदा मणके जोडावे लागले, आणि त्यानंतर २०१९ ला तो मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला. जिंकला हे सगळ्यांच्या लक्षात आहे, मधली दोन वर्षं कशी गेली असतील याचा मी तेव्हा पंधरा दिवस पडल्यापडल्या फार विचार केला.

दुखतं का, तर कंबर फिरण्यासाठी बनलेलीच नाही. कंबरेचे पाच मणके मिळून जेमतेम दहा-पंधरा अंश वळतात. स्विंगमध्ये खांदे नव्वद अंशांच्या आसपास वळवायचे असतात, ते वळण आलं पाहिजे खुब्यातून आणि छातीच्या मागच्या पाठीतून. थंडीत आपण दोन महिने रजईत, खुर्चीत, गाडीत बसलेलो असतो, खुबे आणि पाठ आखडलेली असते, मग ते वळण शरीर कंबरेकडून वसूल करतं. आमच्या कोर्सवर एक जुने कॅडीकाका (खेळणाऱ्यांची बॅग सांभाळणारे) आहेत, त्यांनी मला हे कोणत्याही डॉक्टरआधी सांगितलं होतं, "मॅडम, तुमी कंबर कायले मोडून राह्यल्या, खुबा फिरवा नं, कंबर आपोआप येते." तेव्हा मी नुसतं हो म्हटलं होतं.

(मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशोबाने लिहून राहिले. डावरे असाल तर डावं-उजवं उलटं करून वाचा.)

पहिले दोन आठवडे क्लबला हात लावायचा नाही. त्याआधी घरीच चार गोष्टी तपासून बघा. एका पायावर उभं राहा, डोळे उघडे, तीस सेकंद, दोन्ही पायांवर. डगमगत असाल तर फॉलो-थ्रूमध्ये (बॉल मारून झाल्यावर) डाव्या पायावर सगळं वजन येतं तेव्हा काय होत असेल विचार करा. मग उकिडवं बसा, टाचा जमिनीला टेकलेल्या हव्यात, टाच उचलली जात असेल तर घोटे आणि खुबे आखडलेत. तिसरं, खुर्चीवर ताठ बसा, गुडघ्यांमध्ये उशी धरा म्हणजे खुबे हलणार नाहीत, हात छातीवर आडवे बांधून फक्त वरचं अंग डावीकडे-उजवीकडे वळवा, दोन्हीकडे पंचेचाळीस अंश तरी गेलं पाहिजे आणि दोन्हीकडे सारखं गेलं पाहिजे. आणि चौथं जे कुणीच बघत नाही, तसंच खुर्चीवर बसून गुडघा न हलवता डावं पाऊल बाहेरच्या बाजूला उचला. याने डावा खुबा आतल्या बाजूला फिरतो. बॉल मारल्यानंतर सगळं शरीर याच खुब्याभोवती वळतं, तो आत वळला नाही की भार सरळ कंबरेवर. माझा डावा उजव्याच्या अर्धाही वळत नव्हता, हे मला उसण भरल्यावर फिजिओकडे कळलं. आधी कळलं असतं तर!

व्यायाम म्हणाल तर जिम लागत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं, सकाळी नाही जमलं तर संध्याकाळी, पण रोज. मार्जारासनाने सुरू करा, दहा वेळा, श्वासाबरोबर सावकाश. मग कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही हात समोर जोडलेले, आणि वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा मागे न्यायचा, नजर हाताबरोबर, गुडघे जमिनीवरून उचलायचे नाहीत. प्रत्येक बाजूने आठ-दहा. हा एकच व्यायाम करायची परवानगी असती तर मी हाच केला असता, आठ दिवसांत फरक कळतो. मग सेतुबंधासन, पण वर गेल्यावर कुल्ले घट्ट आवळून पाच मोजायचे, कारण स्विंगची ताकद हातात नसते, कुल्ल्यांमध्ये असते, आणि बसून बसून झोपलेले असतात तेच. मग हात-गुडघ्यांवर राहून उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलटं, कंबर हलली नाही पाहिजे, मी पाठीवर एक रिकामी प्लास्टिकची डबी ठेवते, पडली तर तो मोजायचा नाही. प्लँक वीस-तीस सेकंद पुरे, दोन मिनिटं करायची कुणाशी शर्यत नाही. ज्यांना सूर्यनमस्कार येतात त्यांनी सहा ते बारा घालावे, पुढे वाकताना गुडघे थोडे सैल ठेवून.

खुबा आत फिरवायला, पाठीवर झोपा, पावलांमध्ये खांद्यांइतकं अंतर ठेवून गुडघे वर, आणि एकेक गुडघा आतल्या बाजूला खाली सोडा, रेटायचं नाही, पंधरा-वीस वेळा झुलवायचं. आणि वक्रासन करताना एक काळजी घ्या, हाताने ओढून वळू नका, आधी श्वास घेत उंच व्हा मग वळा. ओढून वळलं की पुन्हा कंबरच वळते, ज्यापासून आपण पळून राहिलो तेच.

पायांसाठी घरातली पायरी आहे, चढ-उतर, एका पायाने बारा, दुसऱ्याने बारा. हातासाठी दोन बादल्या अर्ध्या भरून अंगणात किंवा गॅलरीत दहा-पंधरा फेऱ्या, खांदे खाली, मान ताठ. याने पकडही होते आणि पोटही. ओला टॉवेल दोन्ही दिशांनी पिळायचा, कोपरासाठी याच्याइतकं स्वस्त काही नाही. आमच्या घरी आजोबांचे मुद्गल होते, वडील रोज फिरवायचे, आता लहान जोडी मी वापरते. दोन-तीन किलोचा एक मुद्गल डोक्यामागून फिरवला की खांदे असे मोकळे होतात की कुठल्या मशीनने होणार नाहीत, आपल्या तालमीतल्या लोकांना हे कधीपासून ठाऊक आहे. फक्त कुणाकडून तरी एकदा शिकून घ्या आणि हलक्यापासून सुरू करा.

चालणं वेगळं. अठरा होल, म्हणजे पूर्ण राउंड, चालत खेळलं तर आठ-दहा किलोमीटर होतात, चार-साडेचार तास, त्यात चढउतार आणि खाली गवत-माती. थंडीभर न चाललेल्या माणसाचे पाय बाराव्या होलला थकतात, आणि पाय थकले की स्विंग हातावर येतो, आणि हातावर आला की कोपर आणि कंबर. शेवटच्या सहा होलला स्कोअर बिघडतो तो बऱ्याचदा इथूनच. तीन किलोमीटरने सुरू करा, दर आठवड्याला एक-एक वाढवा. सिव्हिल लाइन्सवाल्यांना वॉकर्स स्ट्रीट आहे, झाडंही आहेत, पण नुसतं सपाट चालून भागणार नाही, आठवड्यातून दोनदा सेमिनरी हिल्सचा चढ घ्या, फुटाळा किंवा अंबाझरीकडे गेलात तर डांबर सोडून कडेच्या मातीवर चाला, घोट्यांना सवय लागते. बूट तेच घाला जे चालायला आहेत, गोल्फचे शूज मात्र शेवटच्या दोन आठवड्यांत घरात-अंगणात घालून फिरा, दोन महिने कपाटात पडलेले शूज पहिल्या राउंडला टाच सोलतात.

बॅगचंही इथेच सांगते. नियमाने चौदा क्लब नेता येतात म्हणून चौदा न्यायलाच पाहिजे असं नाही, सुरुवातीला सात-आठ पुरे. खांद्यावर घेत असाल तर दोन्ही पट्ट्या लावा, एका खांद्यावर लटकवून चाललं की पाठ तिरकी होते. शक्यतो ढकलायची ट्रॉली घ्या. आणि डिकीतून काढताना बॅग आधी स्वतःकडे ओढून घ्या, पोटाशी घ्या, गुडघे वाकवा, मग उचला, उचलताना कंबरेतून वळू नका, पाय फिरवा. माझी उसण रेंजवर नाही भरली, डिकीपाशी भरली, हे मी विसरत नाही. कपमधून (बॉल जातो त्या भोकातून) बॉल काढतानाही पटरवर हात टेकवून एक पाय मागे उचलून वाका, दिवसभरात तसं कितीतरी वेळा वाकावं लागतं.

आता तिसरा आठवडा, पटर. इथे लोक कंटाळतात आणि मला वाईट वाटतं, कारण हिशोब बघा, पार ७२ च्या कोर्सवर (जिथे अठरा होल ७२ स्ट्रोकमध्ये व्हावेत असं धरतात) प्रत्येक ग्रीनला, म्हणजे कपभोवतीच्या बारीक गवतावर, दोन पट धरलेले असतात म्हणजे छत्तीस, बरोब्बर अर्धे स्ट्रोक. आणि याला ना कोर्स लागतो ना ऊन. घरात सतरंजी आहे, स्टीलचा पेला आडवा ठेवा. खरा कप १०८ मिलिमीटरचा असतो, पेल्याचं तोंड त्याहून बरंच लहान, त्यात बॉल जायला लागला की ग्रीनवरचा कप परातीएवढा दिसतो. एक मीटरवरून रोज पन्नास. आपली गोल्फर अदिती अशोक आठवते नं, टोकियो ऑलिंपिकला, ऑगस्ट २०२१, शनिवारी सकाळी अर्धा देश टीव्हीपुढे बसला होता, ज्यांना बर्डी म्हणजे काय माहीत नव्हतं तेही बसले होते. ती लांब मारणाऱ्यांतली नव्हतीच, त्यात त्याच वर्षी कोव्हिड होऊन ताकद गेलेली, बॉल तिच्यापेक्षा कितीतरी पुढे टाकणाऱ्या मुली तिच्या मागे राहिल्या आणि ती चौथी आली, मेडल एका स्ट्रोकने हुकलं. सगळं वेज आणि पटरच्या जोरावर. दुखण्यातून उठून परत यायचं तर कुठून सुरू करायचं ते तिच्याकडे बघून शिकावं.

चिपसाठी (ग्रीनजवळून मारायचा छोटा फटका) अंगणात किंवा गच्चीवर परात ठेवा, पाच-सात पावलांवरून त्यात बॉल टाकायचा, पायपुसण्यावरून मारा म्हणजे फरशीला क्लब लागत नाही. शेजाऱ्यांच्या काचा सांभाळून, प्लास्टिकचे हलके बॉल मिळतात ते घ्या.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात रेंज. वेज आणि नऊ नंबर, अर्धा स्विंग, हात कंबरेच्या उंचीपर्यंतच. तीस बॉल. पूर्ण बास्केट घेऊन अर्धी परत द्यायची हिंमत ठेवा. मनात एक-दोन-तीन म्हणत क्लब मागे आणि चारला बॉल, थंडीनंतर ही लय सगळ्यात आधी हरवते, प्रत्येक जण मागे घाईने नेतो. दर दहा बॉलनंतर पाच-सहा स्विंग उलट्या बाजूने करा, डावरा खेळतो तसे, बॉल न ठेवता, शरीर एकाच बाजूला पिळून ठेवू नका. एक दिवस रेंज, एक दिवस आराम. मग शिवरात्रीच्या सुमारास सात नंबर, पाऊण स्विंग, चाळीस बॉल, पुढच्या आठवड्यात पूर्ण स्विंग, मग हायब्रिड. प्रत्येक पायरीवर दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कंबर कशी आहे ते बघा, जड वाटत असेल तर त्याच क्लबवर आणखी आठवडाभर थांबा. हा माझा सगळ्यात कडक नियम आहे, मॅच कितीही जवळ असो.

रेंजवरच्या मॅटबद्दल एक. मॅटवर क्लब बॉलच्या आधी लागला तरी घसरून पुढे जातो, शॉट चांगला वाटतो, पण झटका मनगटाला आणि कोपराला बसतो आणि ते आठ दिवसांनी कळतं. आपली काळी जमीन पावसाळ्यात मऊ असते पण फेब्रुवारीनंतर वाळून दगडासारखी होते, तिथेही तेच. म्हणून जिथे गवत आहे तिथून मारा, आणि ग्रिप बघा. मागच्या सीझनच्या घामाने ग्रिप गुळगुळीत झालेली असते, मग क्लब सुटू नये म्हणून आपण आवळून धरतो आणि दिवसभर आवळलेल्या हाताचं कोपर दुखणारच, आतल्या बाजूला दुखलं की त्यालाच गोल्फर्स एल्बो म्हणतात. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना ब्रश, पाच मिनिटांचं काम. तरी गुळगुळीत राहिली तर बदलून घ्या. ग्लोव्ह कडक झाला असेल तर नवाच घ्या.

खेळायच्या दिवशीचं. रात्री झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर पाठ ताठ असते आणि वाकण्या-वळण्याला तेव्हा सगळ्यात नाजूक. आणि आपण काय करतो, पाच चाळीसला उठून सव्वासहाला पहिल्या टीवर (खेळ सुरू होतो त्या जागेवर) उभे. असं करू नका, टी-ऑफच्या तासभर आधी उठा, घरात फिरा, कोमट पाणी प्या. कोर्सवर पोचल्यावर दहा मिनिटं भरभर चालणं, पाय पुढे-मागे झुलवणं, खुबे गोल फिरवणं, क्लब खांद्यावर आडवा ठेवून सावकाश वळणं, मग वेजने सात-आठ हलके बॉल. ताणून धरून तीस-तीस सेकंद थांबायचे स्ट्रेच आता नको, ते राउंड झाल्यावर.

आणि ऊन. नागपुरात शेपमध्ये येणं म्हणजे उन्हाची सवय करणंही आलं, हे बाहेरचं कुणी सांगणार नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, ठोके आटोक्यात राहतात. पण ही सवय एसीत बसून होत नाही, आणि एकदम दुपारी खेळूनही होत नाही. होळीच्या आधी दोन आठवडे चालायची वेळ थोडी थोडी पुढे ढकला, आधी आठपर्यंत, मग साडेआठ, मग नऊ, थंड पाणी जवळ ठेवून. खेळताना दर पंधरा-वीस मिनिटांनी दीडशे-दोनशे मिली पाणी, तहान लागायची वाट बघायची नाही, आणि नुसतं पाणी नको, लिंबू-मीठ-साखर, ताक नाहीतर ओआरएस. कैरी आली की पन्हं. डोक्याला टोपी किंवा आपला दुपट्टा, मान झाकलेली. खिशात कांदा ठेवत असाल तर ठेवा, आमच्याकडे आईही द्यायची, पण पाण्याची बाटली त्याआधी. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं, उन्हात अंगावर काटा येणं, यातलं काहीही झालं तर चालू होल तिथेच सोडा, सावलीत जा, मानेवर-काखेत गार पाणी लावा. बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग तापून घाम थांबला तर सरळ दवाखाना, ते थांबून बघण्यासारखं नसतं.

खाण्यावर फार नाही लिहीत. थंडीचं सावजी, तिळगूळ, लग्नांची जेवणं अंगावर असतात, ती उपाशी राहून उतरवू नका, उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. दोन्ही वेळा वरण किंवा उसळ, अंडी खात असाल तर अंडी, रात्रीचं लवकर. राउंडच्या आधी केळं, तर्री पोहा राउंडनंतर, आधी नाही. बॅगेत दोन संत्री टाका, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची येतात, नवव्या होलला सोलून खाल्ली की तोंडालाही बरं आणि थोडी साखर-पाणीही मिळतं.

ज्यांना बीपी-शुगर आहे, छातीत कधी जड वाटतं, किंवा चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडून बरीच वर्षं बसून काढली आहेत त्यांनी चढ चढायला लागण्याआधी डॉक्टरकडे एकदा जाऊन या. कंबरेतून पायात कळ जात असेल, पाय बधिर वाटत असेल तर यातलं काहीही घरी करू नका, आधी तपासून घ्या.

होळी झाली की मग ड्रायव्हर. पहिल्या दिवशी दहा बॉल, टी (बॉल ठेवायची खुंटी) नीट उंच लावून, ऐंशी टक्के ताकदीने, आणि दहा म्हणजे दहाच. दुसऱ्या वेळी पंधरा. कॅडीकाकांनी त्या वर्षानंतर माझा पहिला ड्राइव्ह बघितला, बॉल आधीपेक्षा थोडा मागेच पडला असेल, ते म्हणाले, "आता बरोबर मॅडम, खुबा आला." त्या दिवशी मी दहा बॉल मारून थांबले आणि घरी डिकीपाशी गुडघे वाकवून बॅग काढली.

पहिला राउंड नऊ होलचाच ठेवा, सव्वासहाला सुरू, साडेआठला संपलेला. त्या रात्री झोपताना तीन जागी हात फिरवून बघा, कंबर, डावा खुबा आणि दोन्ही कोपरांच्या आतली बाजू. दुसऱ्या दिवशी क्लब नाही, फक्त फुटाळ्याची एक फेरी. तिन्ही जागा गप्प असतील तर पुढच्या रविवारी अठरा खेळा.